टाकळ्याच्या नावाखाली स्टिरॉइड लावत राहिलो

गेल्या पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या जांघेत गजकर्ण उठलं. चिपळूणचा पाऊस, दिवसभर रिक्षा, भिजलेली पँट अंगावरच वाळायची. सासूबाई नायट्यावर टाकळ्याचा पाला वाटून लावायच्या, आणि पावसाळ्यात टाकळ्याची भाजी आमच्याकडे होतेच. म्हणून एका प्रदर्शनात 'टाकळा, करंज, कडुनिंब, शंभर टक्के वनस्पतिज' असं मलम दिसल्यावर मी थांबले.

विकणारा नीट बोलत होता. टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, दद्रू म्हणजे नायटा, असं त्याने सांगितलं. ते खरंच आहे. मग त्याने प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवला. त्यात काचेच्या बशीत वाढवलेल्या बुरशीचा फोटो होता आणि मधोमध औषधाच्या थेंबाभोवती स्वच्छ गोल. 'इथे बुरशी मेली,' तो म्हणाला. डबी 30 ग्रॅमची, 350 रुपयांना. मी तीन घेतल्या.

तिसऱ्या दिवशी खाज थांबली, आठवड्यात लाली गेली. मी आनंदाने शेजारच्या दोघींना सांगितलं, त्यांनीही मागवलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

लावणं थांबवलं की आठ दिवसांत परत खाज. फोन केला तर उत्तर आलं, 'आतलं विष बाहेर पडतंय, सोडू नका.' त्या एका वाक्यावर आम्ही आणखी दोन महिने काढले. चट्टे कमरेपर्यंत गेले, गोलात गोल दिसू लागले, कडा पुसट झाल्या. टॉवेल एकच, त्यामुळे मुलीच्या मानेवरही आलं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चट्ट्याची कड खरवडली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशीचे धागे भरपूर. मग जांघेतल्या लालसर चिरांकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'झाडपाल्याने अशा चिरा पडत नाहीत. डबी आणा.'

माझा मावसभाऊ फार्मसी कॉलेजात आहे. तिथे मलमाचा ठिपका आणि क्लोबेटॅसॉल या औषधाचा ठिपका एकाच पट्टीवर शेजारी शेजारी ठेवून द्रावकाबरोबर वर चढू दिले; पदार्थ एकच असेल तर दोन्ही सारख्याच उंचीला थांबतात. दोन्ही एकाच उंचीला थांबले, म्हणजे मलमात क्लोबेटॅसॉल असण्याची दाट शक्यता. क्लोबेटॅसॉल हे फार जोरकस स्टिरॉइड आहे. ते सूज आणि खाज दाबतं, बुरशीला हात लावत नाही. उलट अंगाची प्रतिकारशक्ती तिथे गप्प बसते, बुरशी मोकळी पसरते आणि कातडी पातळ होते. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड मलमं विकली जाऊ नयेत म्हणून 2018 साली केंद्र सरकारने नियम कडक केले. आमच्या डबीवर मात्र स्टिरॉइडचं नावच नव्हतं.

तो रिपोर्टही मी मग नीट वाचला. नमुना म्हणून 'तेल' लिहिलं होतं, मलम नव्हे. बुरशी होती कॅन्डिडा अल्बिकन्स. ती यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी; नायट्यामागे बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन नावाची वेगळीच बुरशी असते. म्हणजे कागद खरा असेलही, पण तो आमच्या दुखण्याचा नव्हता आणि त्या डबीचाही नव्हता. शिवाय बशीत तेल बुरशीला थेट भिडतं, तसं कातडीच्या थरात शिरून भिडेलच असं नाही.

वनस्पतींत दम नाही असं मला म्हणायचं नाही. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांचं तेल पायांच्या बोटांतल्या बुरशीच्या रुग्णांवर तपासलं गेलं. 1992 च्या चाचणीत 10 टक्क्यांच्या क्रीमने त्रास कमी झाला, पण बुरशी घालवण्यात ते औषध नसलेल्या क्रीमपेक्षा सरस ठरलं नाही. 2002 च्या चाचणीत या तेलाचं 25 किंवा 50 टक्क्यांचं द्रावण वापरणाऱ्या 64 टक्के रुग्णांची बुरशी गेली, तेल नसलेल्या द्रावणाने 31 टक्क्यांची. काहींना मात्र तेलामुळेच पुरळ उठलं. अशी तपासणी माणसांच्या कातडीवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून करतात. विकणाऱ्याला नेमकं हेच विचारा: कोणती बुरशी, कोणता नमुना, किती माणसं? झटपट गुण आला आणि थांबवताच दुखणं उसळलं, तर डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

आम्ही औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, एक न उघडलेली डबी आणि पावती जपून ठेवली आहे. शेजारच्या दोघींना मीच दवाखान्यात घेऊन गेले. घरात प्रत्येकाचा टॉवेल आता वेगळा. ह्यांच्या गोळ्या दीड महिना चालल्या, मुलीची मान साफ झाली. ह्यांच्या जांघेतल्या चिरा आता पांढऱ्या पडल्यात. त्या जाणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.