रत्नागिरीतील स्मृतिभ्रंश सांभाळ केंद्र: आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या 79 वर्षांच्या सासूबाईंना अल्झायमरचे निदान होऊन चार वर्षे झाली. गेल्या आठ महिन्यांपासून त्या आठवड्यातून तीन दिवस रत्नागिरीतील एका सांभाळ केंद्रात जातात.

त्यापूर्वी पावसजवळच्या घरात दिवसभर मी एकटीच त्यांच्याबरोबर असे. विहिरीवर जाळी बसवली, मागील दाराची कडी उंचावर लावली, तरी तिन्हीसांजेला “मला घरी सोडा” म्हणत त्या गडग्याकडे निघाल्या की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. त्यांना हवे असलेले घर म्हणजे गुहागरचे माहेर, हे समजायलाच मला कित्येक महिने लागले. रात्री चार-चारदा उठावे लागल्याने मी त्यांच्यावर चिडत असे आणि मग चिडल्याबद्दल स्वतःलाच बोल लावत असे.

केंद्रातील सेविकेने पहिल्या दिवशी औषधांच्या यादीबरोबरच त्या कोणत्या हाकेला ओ देतात, चहात साखर किती घेतात आणि कोणते काम हाती असले की शांत बसतात, हेही विचारून घेतले. म्हणूनच त्यांच्यापुढे रंगवायची चित्रे न ठेवता भिजवलेले वाल ठेवले गेले. नातवाचे नाव विसरलेल्या सासूबाई वाल मात्र अचूक सोलतात, कारण हातांत मुरलेली कामे या आजारात अलीकडच्या आठवणींपेक्षा पुष्कळ उशिरा पुसली जातात. त्या “घरी जायचंय” म्हणाल्या, तर तिथे कोणी त्यांना खोडून काढत नाही. त्या घराच्या अंगणात काय काय होते, असे विचारतात. ही रीत मी तिथूनच उचलली आणि आमच्या संध्याकाळी निवळल्या.

उणिवाही सांगायला हव्यात. गाडी साडेचारला निघते, त्यामुळे अस्वस्थता वाढू लागते त्याच वेळी त्या भाट्याच्या पुलावरून प्रवासात असतात. पावसाळ्यात दोनदा गाडी आली नाही आणि निरोपही आला नाही. लुगडे नेसून पडवीत वाट पाहणाऱ्या माणसाची समजूत काढता काढता माझा अख्खा दिवस गेला. न्हाणीघरात धरायला दांडा नव्हता, तो तक्रारीनंतर दीड महिन्याने बसला. देशात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील बहुतेकांचा सांभाळ घरातच होतो. म्हणून अशी सोय तालुक्यातालुक्यांत व्हावी, असे मला फार वाटते.

गेल्या आठवड्यात परतताना सासूबाईंनी ओच्यातून मूठभर सोललेले वाल काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “पोरी, तुझ्या सासूला दे, तिला आवडतात.” रात्री मी त्यांचेच बिरडे केले आणि त्यांनी ते दोनदा मागून घेतले.