वाचनालय चार महिने वापरल्यावर: दुपारी कुलूप का?

फेब्रुवारीत मेंबर झालो तेव्हा महिन्याचे 100 रुपये पण जास्त वाटले होते. लिहायचं ठरवलं ते नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरचा पंप जळला तेव्हा, नुसता पंखा गरम हवा फेकून राहिला होता आणि समिती म्हणे बैठकीशिवाय खर्च करता येत नाही. शेवटी आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून पंप आणला, कूलरच्या गवताच्या ताट्या पण बदलल्या, तासाभरात हॉल गार झाला.

पण माझं खरं भांडण वेळेचं आहे. सकाळी 8 ते 11, संध्याकाळी 5 ते 8. अरे, नागपूरचं ऊन 3-4 वाजता सगळ्यात जास्त तापते आणि नेमकं तेव्हाच दाराला कुलूप! 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं आहे. दर उन्हाळ्यात सांगतात, दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका. आमच्या घरावर टिना (पत्रे) आहेत भाऊ, घरातच भाजून निघतो, रात्री पण भिंती गरम. ज्याच्याकडे एसी आहे त्याचं बिल मोठं, आणि ज्याचं बिल सगळ्यात लहान त्यालाच जास्त चटका, हा कुठला न्याय?

एक गोष्ट मागे घेतो. मार्चमध्ये मी रजिस्टरमध्ये तक्रार लिहिली होती की लोकं वाचायला नाही, नुसते बसायला येतात. मग मे महिन्यात पाहिलं, रात्रपाळीचे एक वॉचमन काका दुपारी झोप होत नाही म्हणून 4 पासूनच बाहेर पायरीवर बसून राहायचे. एकदा चक्कर आली त्यांना, ग्रंथपाल मॅडमनी ओआरएस पाजलं. आता तेच काका मॅडमनी केलेली कात्रणांची फाईल माझ्याकडून वाचून घेतात. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या 660 मेगावॅटच्या दोन नव्या युनिटची 2023 ची पर्यावरण जनसुनावणी, त्याच वर्षी सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरात शिरलेलं पाणी, सगळं त्यात आहे. अशा सुनावणीआधी प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, हे मला त्या फाईलमुळेच कळलं. तो सारांश प्रत्येक वाचनालयात टेबलावर ठेवला तर किती लोकं बोलायला उभे राहतील!

एप्रिल ते जून 12 ते 4 उघडं ठेवा, माठ भरून ठेवा, मेंबर नसलेल्यांना पण बसू द्या, इतकंच मागून राहिलो. चावी सांभाळायला मंगळवार-गुरुवार मी तयार आहे. 31 सह्यांचं पत्र दिलं आहे, उत्तर आलं नाही. पुढच्या मार्चपर्यंतची फी मात्र भरून टाकली.