वालेन्सियातील स्वयंपाकघरात तीन लिटरचा स्टीलचा कुकर: दोन वर्षांच्या वापरानंतर

पदव्युत्तर शिक्षणासाठी स्पेनमधील वालेन्सिया शहरात जाण्यापूर्वी आईने तुळशीबागेजवळच्या भांड्यांच्या दुकानातून मला तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर घेऊन दिला. दोन वर्षे तो जवळजवळ रोज वापरल्यानंतर, शिकायला बाहेर जाणाऱ्याने सामानातील दोन-अडीच किलो वजन या भांड्यासाठी नक्की राखून ठेवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. जाताना मी त्याच्या पोटात गोडा मसाल्याची आणि हिंगाची पाकिटे भरली होती, त्यामुळे जागाही वाया गेली नाही. (दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास युरोपीय संघात मनाई असल्याने तूप मात्र घरीच राहिले.)

खरेदी करताना सर्वांत महत्त्वाचा तो बुडाचा भाग. दुकानदारांनी गल्ल्यातून एक लोहचुंबक काढून कुकरच्या बुडाला चिकटवून दाखवला होता. त्याचे महत्त्व मला वालेन्सियात कळले. तेथील भाड्याच्या घरांत बऱ्याचदा गॅसऐवजी काळ्या काचेची शेगडी असते, आणि तिचे दोन प्रकार दिसायला अगदी सारखे असतात. साध्या काचेच्या शेगडीवर कोणतेही सपाट बुडाचे भांडे तापते, पण इंडक्शनवर चुंबक न चिकटणारे भांडे तापतच नाही. माझ्या वर्गातील एका मुलीने पुण्याहून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर याच कारणाने वर्षभर कपाटात पडून होता. माझे पहिले घर साध्या शेगडीचे आणि दुसरे इंडक्शनचे होते, तरी कुकर बदलावा लागला नाही. साध्या शेगडीची काच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून तीन शिट्ट्या हव्या असतील तर दुसरी झाल्याबरोबर बटण बंद करावे, हे मात्र चार वेळा भात खाली लागल्यावर समजले.

स्पेनमध्ये 2021 पासून अनेक घरांच्या विजेचा दर वेळेनुसार बदलतो. कामाच्या दिवशी सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 10 या वेळांत तो सर्वाधिक, तर शनिवार-रविवारी दिवसभर सर्वांत कमी असतो. त्यामुळे छोले, राजमा यांसारखे वेळखाऊ पदार्थ मी रविवारी शिजवत असे. त्यासाठीची खरेदी शनिवारीच, मर्कादो सेंत्राल दुपारी तीनला बंद होण्यापूर्वी उरकावी लागे, कारण रविवारी बाजार उघडत नाही. 1928 मध्ये सुरू झालेल्या या भव्य मंडईत काबुली चणे आणि लहान तपकिरी मसूर सहज मिळतात. त्या मसुराची आमटी कुकरमध्ये फार सुरेख होते.

वालेन्सियाचे नळाचे पाणी जड आहे. चणे रात्रभर भिजवूनही त्या पाण्यात लवकर मऊ होत नाहीत, आणि येथेच कुकरचा खरा उपयोग कळतो: उघड्या पातेल्यात दीड तासानेही कडक राहिलेले चणे चिमूटभर सोडा घालून कुकरमध्ये लावले की अर्ध्या तासात बोटांनी दाबता येतात. आतून पांढरा थर धरतो, तो लिंबाची फोड घालून पाणी उकळले की निघतो.

शिट्टीची कल्पना घरातल्यांना आधी द्यावी. स्पॅनिश घरांतही प्रेशर कुकर असतो, परंतु तो आपल्यासारखी शिट्टी देत नाही. पहिल्या शिट्टीला माझी सहनिवासी घाबरून स्वयंपाकघरात धावत आली होती.

माझी तक्रार एकच आहे, आणि ती गंभीर आहे. वर्ष होण्याआधीच रबरी गॅस्केट सैल पडून कडेने वाफ जाऊ लागली, आणि कंपनीला दोनदा ईमेल करूनही उत्तर आले नाही. तेथील दुकानांत त्या मापाचे गॅस्केट मिळाले नाही, म्हणून पुण्याहून येणाऱ्या कुणाची तरी वाट पाहत मी जवळजवळ दीड महिना वरणभाताशिवाय काढला. कुकर घेतानाच त्याच कंपनीची दोन गॅस्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह मागून घ्यावा, आणि ते झाकणाला लावून पाहिल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नये.