चिठ्ठीवर नवा फेंडर, गाडीवर पुट्टी: डेंटिंग-पेंटिंगमध्ये झालेली माझी फसवणूक

लातूरमधील एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजने माझ्याकडून ६४,२०० रुपये घेतले आणि त्या बदल्यात पुट्टी (पत्र्यातील खड्डे भरण्याचा लेप) थापलेला जुनाच फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बनावट हेडलाइट, पहिल्या पावसात फुगलेला रंग आणि बदललेली स्टेपनी माझ्या पदरात टाकली. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगासमोर असल्यामुळे गॅरेजचे किंवा मालकाचे नाव मी येथे लिहीत नाही. मात्र नंतर परभणी, बीड आणि नांदेडकडच्या परिचितांशी बोलताना जवळजवळ हीच हकीकत वेगवेगळ्या रकमांसह ऐकायला मिळाली, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

गाळप हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर रात्री काय स्थिती असते हे मराठवाड्यातील वाचकांना सांगायला नको. नांदेड रस्त्यावर ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे होता आणि मागच्या ट्रॉलीला दिवाही नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. मी गाडी डावीकडे काढली, तरी माझ्या चंदेरी डिझायरचा उजवा कोपरा ट्रॉलीला घासत गेला. फेंडर, हेडलाइट, पुढचा बंपर, बॉनेटचा कडेचा भाग आणि ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा एवढे नुकसान झाले. कोणालाही इजा झाली नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने ७८,००० रुपयांचा अंदाज दिला आणि गाडी घेण्यासाठीच दोन आठवडे थांबायला सांगितले. माझ्या शाळेतील एका सहकाऱ्याने या गॅरेजमधून त्याच्या गाडीचा बंपर रंगवून घेतला होता आणि ते काम खरोखर चांगले होते. तेव्हा मी रस्त्यावरचे कुठलेही दुकान गाठले असा समज कोणी करून घेऊ नये. चौकशी करूनच गेलो होतो. एवढेच की एका बंपरचे काम पाहून संपूर्ण बाजूच्या कामाची खात्री होत नाही: बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर पत्र्याचे काम नसते, आणि खरी लबाडी पत्र्यात होते.

मालकाने कच्च्या चिठ्ठीवर ५२,५०० रुपयांचा हिशेब लिहून दिला. त्यात कंपनीचा नवा फेंडर ४,२००, कंपनीचा हेडलाइट ६,८०० आणि चार भागांच्या रंगाचे प्रत्येकी ५,५०० याप्रमाणे २२,००० रुपये होते; बाकी बंपर, दरवाजा व बॉनेटचे डेंटिंग आणि मजुरी. रंग हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळलेला पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन असेल आणि बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, भाजून दिला जाईल, असे तो म्हणाला. "सर, गाडी घरचीच समजा, लई चांगलं काम करून देतो," हे वाक्य मला आजही संतापाने आठवते. त्याच दिवशी मी २५,००० रुपये अग्रिम म्हणून यूपीआयने पाठवले.

विम्याचा विषय त्यानेच काढला. क्लेम केल्यास नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल, शिवाय प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घसारा-कपात (भाग जुना म्हणून भरपाईत कपात) होईल आणि रंगाच्या साहित्यावरही कपात होईल, असे त्याने समजावून सांगितले. यातील एकही गोष्ट खोटी नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. त्याने जे सांगितले नाही ते असे की, क्लेम केला की विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी पाहतो, कोणता भाग बदलायचा आणि कोणता दुरुस्त करायचा हे लिहून ठेवतो आणि बिल मागतो. पुढील नूतनीकरणाच्या वेळी मला ५० टक्के बोनस मिळणार होता. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीपोटीचा माझा हप्ता ८,००० रुपये असल्याने त्या वर्षी वाचणारी रक्कम होती ४,००० रुपये. गॅरेजवाला क्लेम करू नका असे आग्रहाने सांगू लागला, तर आधी विमा कंपनीला कळवावे आणि हिशेब नंतर करावा. दुरुस्ती उरकल्यावर पॉलिसी कामाला येत नाही, कारण त्यांना पाहायला नुकसानच शिल्लक नसते.

बिलाचेही तेच. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल, असे तो म्हणाला. अंतिम रकमेवर तो ११,५५६ रुपये झाला असता. आमच्या भागात निम्मी बाजारपेठ कच्च्या चिठ्ठीवर चालते, तेव्हा त्यासाठी मला एकट्याला दोष देणाऱ्यांनी आपापल्या घरातील शेवटच्या दुरुस्तीचे बिल शोधून पाहावे. सर्वेक्षक गेला, बिल गेले, आणि पुढे जुने सुटे भागही गेले. प्रत्येक वेळी मला पैसे वाचल्यासारखे वाटत होते आणि प्रत्यक्षात त्याच्याविरुद्धचा एकेक साक्षीदार कमी होत होता.

काही दिवसांनी फोन आला की आतला सपोर्ट वाकलेला निघाला असून वायरिंगही तुटली आहे. ११,७०० रुपये वाढतील. गाडी उघडून ठेवलेली असताना ग्राहक नाही म्हणू शकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. वाढीव कामाचा फोटो मागितल्याशिवाय होकार देऊ नये, आणि फोटोत गाडीची नंबर प्लेट दिसली पाहिजे.

आता त्या संध्याकाळविषयी. गाडी ताब्यात देण्यासाठी त्याने मला दिवेलागणीनंतर बोलावले. चंदेरी रंगाची शेड जुळवणे सर्वांत अवघड असते, कारण त्यातील धातूचे कण उजेडाच्या दिशेनुसार वेगळे चमकतात. ट्यूबलाइटखाली मात्र सगळी गाडी एकसारखी दिसते. मी बॉनेट उघडायला लावले. फेंडर ज्या बोल्टांनी बसवलेला असतो ते बोल्ट बॉनेटच्या कडेखाली ओळीने दिसतात. त्यांच्यावर कंपनीचा मूळ रंग जसाच्या तसा होता, कुठल्याही डोक्यावर पान्याची खूण नव्हती. ते बोल्ट मी पाहिले, अगदी मोबाइलच्या उजेडात पाहिले. बोल्ट न उघडता फेंडर बदलता येत नाही, हे समजायला मिस्त्री असावे लागत नाही, असे आता मला लोक सांगतात. परंतु त्या क्षणी मालक शेजारी उभा राहून चहा पुढे करत होता, दोन पोरे गाडी पुसत होती, घरी परतायला उशीर होत होता, आणि मुळात "नवा फेंडर बसवला" असे जो माणूस तोंडावर सांगतो त्याच्या बोल्टांची तपासणी करण्याचे शिक्षण मला कोणी दिले होते? मी जुना फेंडर मागितला होता. "भंगारवाला घेऊन गेला, सर," असे उत्तर आले. नव्या भागाचे खोके मागितले, तर तेही कचऱ्यात गेलेले. मी विचारायचे ते सगळे विचारले होते आणि खोटे बोलला तो मालक.

उरलेले ३९,२०० रुपये मी दिले: १९,२०० यूपीआयने आणि त्याच्या आग्रहाखातर २०,००० रोख.

मृगाचा पाऊस पडला आणि फेंडरवर फुगे आले. मग एक फुगा फुटला आणि त्याखाली राखाडी थर दिसला. नांदेडमधील एका जुन्या पेंटरने खिशातील लोहचुंबक कापडात गुंडाळून फेंडरवर ठेवले, ते सरळ खाली घसरले. डाव्या फेंडरवर मात्र घट्ट चिकटले. जुना पत्रा नीट ठोकायचेही कष्ट न घेता कुडाच्या भिंतीला लिंपावे तशी पुट्टी थापली होती. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी, ती ओलावा शोषते, आणि ओल्या घासकामानंतर पुरेशी न वाळवता त्यावर रंग मारला की पावसाळ्यात असेच होते, असे त्यांनी समजावून सांगितले. दरवाजाच्या आतल्या कडेला थिनरचा बोळा फिरवला, तर चंदेरी रंग बोळ्यावर उतरला. हार्डनर मिसळून नीट कडक झालेला पीयू असा उतरत नाही. हा स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग होता. हेडलाइटच्या आत पाणी साचले होते. स्टेपनीचा प्रकार त्यांनीच दाखवला: टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या स्टेपनीवर १४१७ होते, म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातील टायर, आणि माझी गाडी त्याहून बरीच नंतर घेतलेली आहे. गाडी गॅरेजमध्ये सोडताना पाचही टायरांवरचे आकडे, बॅटरीचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकालाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत. चुंबकाची परीक्षा बंपरवर करू नये, प्लास्टिकवर ते चिकटतच नाही.

पुन्हा दुरुस्तीला ३१,६०० रुपये आणि स्टेपनीच्या टायरला ४,१५० रुपये लागले. म्हणजे एका कोपऱ्याच्या धडकेपायी ९९,९५० रुपये गेले. सर्व्हिस सेंटरचा अंदाज ७८,००० होता, हे पुन्हा लिहितानाही हात थरथरतो. या दुसऱ्या पेंटरने मात्र प्रायमरच्या अवस्थेत गाडी पाहायला स्वतःहून बोलावले. कंपनीचा नवा फेंडर गाडीच्या रंगात येत नाही, काळ्या किंवा करड्या प्रायमरमध्ये येतो, तेव्हा रंग मारण्यापूर्वीच तो पाहून घ्यावा. जो रंगापूर्वी गाडी दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून गाडी उचलून आणावी.

यानंतर सुरू झाला तो सरकारी दारांचा फेरा. पोलीस ठाण्यात अंमलदाराने अर्ज पुरता वाचलाही नाही. "सर, तुम्ही शिकलेली माणसं, हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा," एवढे बोलून तो मोबाइलमध्ये गुंतला. जुना भाग ठेवून नव्याचे पैसे घेणे आणि चांगला टायर काढून घेणे हे दिवाणी कसे, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितलेली आहे, हे मी सांगितल्यावर तो एवढेच म्हणाला की कलमे लावण्याचे काम आमचे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ठाण्याने तक्रार नोंदवण्यास नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, म्हणून मी पोस्टाने अर्ज पाठवला. तो चौकशीसाठी त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर परत आला, आणि त्याच अंमलदाराने मला जबाबासाठी बोलावून पुन्हा दिवाणी प्रकरण असल्याचे ऐकवले.

आरटीओमध्ये सांगण्यात आले की वाहन आमच्या अखत्यारीत आहे, गॅरेज नाही. दुकानांच्या नोंदणीकडे वळलो, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला केवळ सूचना देणे पुरेसे असते, असे कळले. त्या गॅरेजने तीही दिलेली नव्हती आणि त्याचे कोणालाच काही वाटले नाही. म्हणजे पत्रा कापणारा, रंगाचा फवारा उडवणारा, लोकांच्या लाखो रुपयांच्या गाड्या ताब्यात ठेवणारा माणूस कोणाच्याही परवानगीविना बोर्ड लावू शकतो, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या ग्राहकाकडून मात्र प्रत्येक खिडकीवर पुरावा मागितला जातो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, आणि पुढे आस्थापनेने प्रतिसाद दिला नाही म्हणून ती तक्रार बंद करण्यात आली. प्रतिसाद न देणाऱ्याविरुद्धच तर ती तक्रार होती.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वकिलाची सक्ती नाही, ही एवढीच सोय. मुदत दोन वर्षांची असते, ती विसरू नये. कायद्यात तीन महिन्यांत आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात मला तारखा मिळत आहेत. माझ्याकडे पक्के बिल नाही, म्हणून कच्ची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरील बोलणे, यूपीआयच्या नोंदी, खरवडलेल्या पुट्टीचे फोटो आणि दुसऱ्या पेंटरचे लेखी निवेदन मी जोडले आहे. रोख दिलेल्या २०,००० रुपयांचा कोणताही माग नाही. ज्यांना पक्के बिल मिळेल त्यांनी त्यावरील पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून दुकानाचे नाव जुळते का ते पाहावे. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो.

आयोगाने पाठवलेली नोटीस पत्त्यावर कोणी नाही असा शेरा घेऊन परत आली, कारण मधल्या काळात त्याच जागेवर वेगळ्या नावाचा बोर्ड लागला आहे आणि नवा मालक म्हणून कोणी मेहुणा पुढे आला आहे. माझे यूपीआयचे ४४,२०० रुपयेही गॅरेजच्या किंवा मालकाच्या खात्यात गेलेले नाहीत. ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले असून त्याला पक्षकार करण्याचा अर्ज मी आता दिला आहे. पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव दुकानमालकाचे नसेल, तर बोट तेथेच थांबवावे आणि त्याच्या खात्याचा क्रमांक लिहून मागावा.