जीमेलचे टॅब: प्रमोशन्स झकास, अपडेट्सचा मात्र नुसता राडा

जीमेलमध्ये प्रायमरी, सोशल, प्रमोशन्स, अपडेट्स, फोरम्स हे मेलची आपोआप वाटणी करणारे टॅब २०१३ मध्ये आले, म्हणजे आता जुनीच गोष्ट झाली, तरी अजून बरेच जण पहिल्या टॅबच्या पलीकडे बघतच नाहीत नाहीतर वैतागून सगळे बंद करून टाकतात, म्हणून म्हटलं जरा नीट लिहूया.

प्रमोशन्सला पैकीच्या पैकी मार्क. सेल, कूपन, "फक्त आजच" वगैरे सगळं मुकाट तिकडे जाऊन बसतं. एखादा मेल चुकीच्या टॅबमध्ये गेलाच तर कॉम्प्युटरवर तो उचलायचा आणि हव्या त्या टॅबवर सोडायचा, मग खाली विचारतो की ह्यांचे पुढचे मेल पण इकडेच टाकू का, हो म्हणायचं, विषय संपला.

खरी बोंब अपडेट्सची. बिल, तिकीट, पार्सल कुठवर आलं, नियम व अटी बदलल्या, नवीन फोनवरून लॉगिन झालं, सगळं एकाच गोणीत! आता बिल तारखेच्या आत भरायचंय, तिकीट लागणार प्रवासाच्या दिवशी, लॉगिनचा मेल त्याच मिनिटाला बघायला हवा आणि नियम-अटी तर कोणी जन्मात वाचत नाही. पाठवणारं मशीन आहे एवढंच काय ते साम्य. मेल कुठून आला आणि कसला आहे ते बघून वाटणी केलीये, पण मला त्याचं काय करायचंय आणि कधी, ते कोण बघणार?

बरं, गूगलला हे सुचलं नव्हतं असंही नाही. त्यांचंच 'इनबॉक्स' नावाचं वेगळं ॲप २०१४ मध्ये आलेलं, त्यात एका ट्रिपचं तिकीट, हॉटेल सगळं आपोआप एका गठ्ठ्यात यायचं, काम झालं की टिक करून उडवायचं. भारी होतं यार. २०१९ मध्ये बंद केलं. त्यातल्या स्नूझसारख्या काही गोष्टी जीमेलमध्ये आल्या आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं स्नूझच आहे: तिकिटाचा मेल प्रवासाच्या दिवशी सकाळचा स्नूझ लावून टाकायचा, तोवर समोर नाही, त्या दिवशी बरोब्बर सगळ्यात वर.

बाकी आपलं आपण जमवायचं. सेटिंग्जमध्ये इनबॉक्स टाइपला 'मल्टिपल इनबॉक्सेस' निवडलं की स्वतःचे कप्पे करता येतात, मी "उत्तर द्यायचंय" आणि "उत्तराची वाट बघतोय" अशी दोन लेबलं (मेलला चिकटवायच्या चिठ्ठ्याच म्हणा) करून त्यांचे कप्पे ठेवलेत, आणि एका मेलला दोन्ही लेबलं पण लागतात, फोल्डरमध्ये ही सोय कुठे! गोची एवढीच की हे निवडलं की टॅब गायब, आणि मोबाईलवर कप्पे दिसत नाहीत, तिथे मेनूतून एकेक लेबल उघडत बसा.

त्यामुळे जाहिराती ढीगभर आणि कामाचे मेल मोजकेच असतील तर टॅबच ठेवा. दिवसभर मेलला उत्तरं देणं हेच काम असेल आणि ते कॉम्प्युटरवर करत असाल तर सरळ कप्प्यांवर जा, जाहिरातींसाठी फिल्टर लावा, इनबॉक्समध्ये न येता थेट अर्काइव्हला जातील, म्हणजे डिलीट न होता नुसते नजरेआड.