निकॉन २००-५०० एफ/५.६ : शार्पनेसच्या आधी चार कोपरे जुळतात का ते बघा

निकॉनची एएफ-एस निकॉर २००-५०० मिमी एफ/५.६ई ईडी व्हीआर ही लेन्स गेले कित्येक महिने माझ्या डी५०० कॅमेऱ्यावर जवळजवळ कायम चढवलेली आहे. मुख्यतः पक्षी, थोडे चिंकारा, अधूनमधून चंद्र. लेन्स २०१५ सालची, बॉडी (म्हणजे कॅमेरा) २०१६ ची, म्हणजे दोन्ही आता जुन्यातच जमा. तरी पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींच्या खांद्यावर ही जोडी अजून सर्रास दिसते आणि वापरलेले नग बाजारात भरपूर फिरतात. म्हणून सविस्तर लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो: माझा नग उत्तम आहे. पण ते मी ठामपणे सांगू शकतो ते परतीची मुदत संपण्याआधी तो नीट तपासून घेतला म्हणून.

लेन्स तपासायची म्हटलं की बहुतेक जण समोरच्या झाडाचा एक फोटो काढतात, स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करतात आणि ‘शार्प आहे’ किंवा ‘सॉफ्ट आहे’ असं ठरवून मोकळे होतात. त्यातून त्या नगाबद्दल फारसं काही कळत नाही. या लेन्समध्ये १२ गटांत १९ भिंगं आहेत आणि झूम फिरवताना त्यांतले काही गट एकमेकांच्या तुलनेत पुढेमागे सरकतात. एखादं भिंग मधल्या अक्षापासून किंचित बाजूला गेलं किंवा तिरकं बसलं, की चित्राची एक बाजू मऊ पडते. असा दोष मधल्या भागात पटकन दिसत नाही, आणि आपण बघतो नेमका मधला भाग.

म्हणून मी आधी बघतो तो सारखेपणा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ, पण एकमेकांसारखेच मऊ असतील, तर तो त्या लेन्सच्या रचनेचा भाग. तुमच्या नगाबद्दल तक्रार करायला जागा नाही. तीन कोपरे चांगले आणि चौथा पुसट असेल, किंवा सगळी डावी बाजू विरघळल्यासारखी दिसत असेल, तर तो त्या नगाचा दोष. अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, बारीक करून एफ/८ किंवा एफ/११ ला नेलं की तो थोडा झाकला जातो, जात नाही. शिवाय झूमला एका फोकल लेन्थवर, म्हणजे झूमच्या एकाच आकड्यावर, पास करून चालत नाही. २०० ला निर्दोष असलेला नग ५०० ला वाकडा निघू शकतो, कारण तिथे गटांच्या जागा वेगळ्या असतात. २००, ३००, ४०० आणि ५०० असं चार ठिकाणी सगळं पुन्हा करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढायची पद्धत सगळ्यांना माहीत असते. लांब लेन्ससाठी मला ती विशेष आवडत नाही. ५०० मिमीला दहा मीटरवरून चौकटीत जेमतेम ४७ सेंटीमीटर रुंदी मावते आणि एफ/५.६ ला शार्प दिसणारी पुढची-मागची खोली साधारण नऊ सेंटीमीटर. शंभर टक्के मोठं करून कडक नजरेने बघितलं तर त्याहून खूपच कमी. कॅमेरा भिंतीशी दोन-तीन अंश जरी तिरका असला तरी एक बाजू मऊ येते आणि चांगल्या लेन्सवर नाहक आळ येतो. भिंतच वापरायची असेल तर वर्तमानपत्राच्या मध्यभागी एक छोटा सपाट आरसा चिकटवा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. मग कॅमेरा भिंतीला समोरासमोर आहे याची खात्री होते.

मी केलं ते याहून सोपं. औषधाच्या खोक्यावरचा बारीक छापील मजकूर पुठ्ठ्यावर सपाट चिकटवला आणि चांगल्या उजेडात ठेवला. मग ट्रायपॉडचं हेड फिरवत तोच पुठ्ठा आधी मध्यभागी, नंतर एकेका कोपऱ्यात आणला. दर वेळी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, मोठं करून, त्या कोपऱ्यावर नव्याने फोकस केलं. यात भिंत समांतर असण्याचा प्रश्नच उरत नाही. फोकस पुन्हा केलेला असल्यामुळे कोपरे मागेपुढे फोकस होण्याचा गुंताही निघून जातो. तरीही एखादा कोपरा बाकीच्यांच्या तुलनेत उठत नसेल, अक्षरांना एकाच दिशेने सावली किंवा रंगाची किनार येत असेल, तर भिंग जागेवर नाही. पाचही क्रॉप (फोटोतून कापलेले तुकडे) शेजारी शेजारी ठेवून बघितले की फरक लपत नाही. ही सगळी चाचणी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे एफ/५.६ लाच करायची.

तयारीत हयगय केली तर निकालाला अर्थ उरत नाही. ट्रायपॉड जड हवा. व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. कॅमेऱ्यातला आरसा आणि शटर यांचा धक्का बसू नये म्हणून मिरर-अप (आरसा आधीच वर) ठेवून, डी५०० मध्ये त्याबरोबर मिळणारा इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर चालू करून, रिमोटने क्लिक. आणि समोर फिल्टर लावलेला असेल तर काढून ठेवा. या लेन्सला ९५ मिमीचा फिल्टर लागतो. चांगल्या प्रतीचा महाग पडतो म्हणून लोक स्वस्तातला लावतात, आणि ५०० मिमीला तेवढी एक हलकी काच अख्खी लेन्स मऊ करून दाखवते. ‘लेन्स सॉफ्ट आहे’ असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा फिल्टर काढायला सांगतो.

भिंगाचा तिरकेपणा पकडायला मैदानासारखी जागा नाही. सपाट, गवत असलेल्या मैदानाच्या कडेला ट्रायपॉड लावा, कॅमेरा पातळीत ठेवा आणि तीसेक मीटरवर फोकस करा. फोटोत गवताचा एक आडवा पट्टा शार्प येतो, पुढचं-मागचं धूसर. तो पट्टा डावीकडून उजवीकडे सरळ गेला पाहिजे. डावीकडे जवळ आणि उजवीकडे लांब असा तिरपा गेला तर कुठेतरी तिरकेपणा आहे. तो लेन्सचा की बॉडीचा, हे दुसरी लेन्स लावून ताडून बघता येतं. दोन्हींत पट्टा सारखाच तिरपा असेल तर संशय माउंटवर किंवा सेन्सरवर. माझ्या नगाचा पट्टा चारही फोकल लेन्थना सरळ आला. कडांना तो अगदी थोडा वळतो, पण दोन्ही बाजूंना सारखाच. ते क्षेत्राचं वळण (फील्ड कर्व्हेचर), म्हणजे लेन्सच्या रचनेचा भाग, दोष नव्हे.

रात्रीची तारा-चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ताऱ्याचा बिंदू काहीच लपवू देत नाही. एखादा ठळक तारा मध्यभागी घेऊन फोकस थोडं बिघडवायचं. तयार होणारी चकती गोल आणि तिच्यातली वलयं एकमध्य दिसली पाहिजेत. चकती एका बाजूला झुकलेली, धूमकेतूसारखी शेपूट असलेली दिसली तर मामला गंभीर. एक्स्पोजर मात्र छोटं ठेवा. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा सेकंदाला १५ आर्कसेकंदांपर्यंत (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, आणि डी५०० वर ५०० मिमीला एक पिक्सेल पावणेदोन आर्कसेकंदांच्या आसपास. म्हणजे सेकंदभराच्या फोटोत आठ-नऊ पिक्सेलची रेघ. सेकंदाचा दहावा भाग पुरे. आभाळ भरलेलं असेल तर एलईडीसमोर अ‍ॅल्युमिनियम फॉइल धरून त्याला सुईने भोक पाडा आणि लांब ठेवा. तोही तारा चालतो.

खराब नग कसा दिसतो हे मी एका मित्राच्या लेन्सवर बघितलं. ती दुसऱ्या कंपनीची लांब झूम होती, नाव देत नाही. २०० ला चारही कोपरे छान, ३०० ला डावी बाजू जराशी कमी, आणि टोकाला गेल्यावर डावा तिसरा भाग चक्क पुसट. विक्रेता मधल्या भागाचा शार्प फोटो दाखवून ‘लेन्स ठीक आहे’ म्हणत होता. मित्राने पाच जागांचे क्रॉप एका पानावर छापून समोर ठेवले, वर फोकल लेन्थ आणि अ‍ॅपर्चर लिहिलेलं. मग वाद राहिला नाही, नग बदलून मिळाला. ‘सॉफ्ट वाटते’ या तक्रारीला कुणी दाद देत नाही; उजवा कोपरा आणि डावा कोपरा शेजारी ठेवल्यावर द्यावीच लागते.

फोकसचा प्रश्न यापासून वेगळा ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ, असं होत असेल तर काचेचा दोष नाही. फेज डिटेक्शनची, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून बघताना चालणाऱ्या ऑटोफोकसची, जुळवणी चुकलेली आहे. डी५०० मध्ये एएफ फाइन ट्यून (ही जुळवणी दुरुस्त करणारा आकडा) आपोआप करायची सोय आहे, पण मी तिचा आकडा एकदाच घेऊन थांबत नाही. पुन्हा पुन्हा घेतो, आणि तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीवर ताडून बघतो. अडचण एवढीच की डी५०० झूमसाठी एकच आकडा साठवते. २०० ला वेगळा आणि ५०० ला वेगळा आकडा लागत असेल तर एक निवडावा लागतो. ही लेन्स मी तीन-चतुर्थांश वेळा ५०० लाच वापरतो, तेव्हा ५०० चा आकडा ठेवला. अंतरही तुमच्या रोजच्या वापरातलं घ्या. पक्ष्यांसाठी पंधरा-वीस मीटर.

काही गोष्टींना दोष समजून घाबरू नका. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली तर आत काहीतरी खुळखुळतं, तो व्हीआरचा मोकळा गट. टॉर्च लावून बघितल्यावर दिसणारे चार-दोन धूळकण फोटोत उमटत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा दुधाळ पापुद्रा दिसला तर मात्र ती बुरशी किंवा धूसरपणा. वापरलेली लेन्स असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

आता प्रत्यक्ष वापर. भिगवणला हिवाळ्यात, उजनीच्या पाण्यावर, सकाळी लवकर होडीतून काढलेले पट्टकदंब आणि नदी सुरय या लेन्सवर इतके स्वच्छ येतात की पिसांच्या कडा मोजाव्यात. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी, हातातच धरावी लागते. व्हीआरचा स्पोर्ट मोड इथे कामाला येतो, कारण उडणाऱ्या पक्ष्यामागे जाताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारत नाही. तीच लेन्स, तोच दिवस, ऊन चढल्यावर लांबचे रोहित (फ्लेमिंगो) काढले की सगळे वितळलेले. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात हे फार जाणवतं. माळ तापला की जमिनीवरून झळा उठतात आणि शंभर मीटरवरच्या चिंकाऱ्याला कुठलीही लेन्स शार्प करू शकत नाही. अशा वेळी एकामागून एक दहा फोटो काढून बघा. प्रत्येकात वेगळाच भाग मऊ असेल तर ती हवा. दोष असता तर दहाही फोटोंत तोच कोपरा गेला असता.

सिंहगडच्या पायथ्याच्या दरीत, पावसाच्या तोंडावर नवरंग आला की खरी कसोटी. दाट सावली, पालापाचोळ्यात उड्या मारणारा पक्षी, आयएसओ ३२०० च्या पुढे. एफ/५.६ सगळ्या झूमभर कायम राहतं याचं मोल इथे कळतं. शटर १/२५० ला आणूनही, बीन बॅगवर टेकवलेली असेल, तर डोळ्यातली चमक शार्प मिळते. एफ/८ ला किंचित फायदा आहे, पण मी तो क्वचित घेतो. प्रकाश जास्त महत्त्वाचा. एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं, शार्पनेस खायला लागतं. विरोधी प्रकाशात पांढऱ्या बगळ्याच्या कडेला बारीक रंगीत किनार दिसते, ती सॉफ्टवेअरमध्ये सहज जाते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. कॉलरसकट वजन २३०० ग्रॅम, आणि दिवसभरानंतर मनगट ते सांगतं. झूम रिंगचा फेरा मोठा आहे. २०० वरून ५०० ला एका झटक्यात जाता येत नाही, हात मध्ये बदलावा लागतो, तेवढ्यात पक्षी जातो. लेन्सचा ट्रायपॉडवर बसवायचा पाय आर्का पद्धतीचा (ट्रायपॉडच्या हेडमध्ये थेट सरकवता येणारा) नाही, वेगळी पट्टी जोडावी लागते. फोकस वेगवान म्हणता येईल, पण महागड्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सइतका नाही. पार जवळून लांब जायला वेळ लागतो.

पावसाळ्याचं विशेष सांगायला हवं. झूम करताना या लेन्सची नळी बाहेर येते, म्हणजे दर वेळी आत हवा ओढली जाते, आणि आपल्याकडची जूनपासूनची हवा म्हणजे निम्मं पाणीच. पावसात मी ती उघडी वापरत नाही. घरी ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवावा. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट. कोकणात राहणाऱ्यांनी तर यात अजिबात ढिलाई करू नये. खडबडीत रस्त्यावरच्या जीपच्या प्रवासानंतर कोपऱ्यांची चाचणी मी पुन्हा करतो. ५०० ला पाच फोटो, बस. आतापर्यंत काही हललेलं नाही.

घेण्याआधी बॉडी तपासा. ई प्रकारची, म्हणजे विद्युतचुंबकीय अ‍ॅपर्चरची लेन्स असल्यामुळे डी९० सारख्या जुन्या बॉडीवर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. निकॉनच्या झेड मालिकेच्या, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीवर एफटीझेड अडॅप्टरने ती ऑटोफोकससह चालते. तिथे फोकस थेट सेन्सरवरच होत असल्यामुळे फाइन ट्यूनची गरज सहसा पडत नाही. तेवढा भाग वगळा, पुठ्ठा आणि मैदान मात्र तिथेही करा.