फोनवर आलेल्या शर्यती: ‘ग्रिड ऑटोस्पोर्ट’ आणि त्याच्या आजूबाजूचे

फोनसाठी रेसिंग गेम हवा असेल आणि एकदाच पैसे भरून मोकळं व्हायचं असेल, तर ‘ग्रिड ऑटोस्पोर्ट’ घ्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानात येणारी कॉलेजची मुलं शेवटी हेच विचारतात आणि काउंटरवर उभं राहून कारणं सांगायला वेळ मिळत नाही. इथे सविस्तर लिहितो.

माझं म्हापशाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जुने फोन विकत घेतो, बॅटरी, डिस्प्ले बदलून पुन्हा विकतो. विकायच्या आधी फोनवर ताण देऊन बघावा लागतो आणि त्यासाठी रेसिंग गेमसारखं दुसरं काही नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स, टच, स्पीकर, फोन तिरका केल्याचं ओळखणारा सेन्सर, सगळं एकदम कामाला लागतं. त्यामुळे एकच गेम वेगवेगळ्या फोनांवर कसा धावतो हे मला सतत बघायला मिळतं. घरी कॉम्प्युटर आहे, आणि मावसभाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला असल्यामुळे त्याने आणून दिलेला निन्टेन्डो स्विच हा गेमचा कन्सोलही आहे. एका यंत्रासाठी बनवलेला गेम दुसऱ्यावर नेला की त्याचं काय होतं, म्हणजेच पोर्ट कसा जमतो, या विषयाची मला खरोखर आवड आहे.

ग्रिड ऑटोस्पोर्ट मुळात कोडमास्टर्सने २०१४ मध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी काढला. फेरल इंटरॅक्टिव्ह या लंडनच्या कंपनीने तो २०१७ मध्ये आयफोन-आयपॅडवर आणला, आणि २०१९ मध्ये स्विच व अँड्रॉइडवर. फेरलचा धंदाच पोर्ट करण्याचा. मॅक आणि लिनक्सवर त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं आहे. आणि ते दिसतं. फोनसाठी म्हणून गेम कापून लहान केलेला नाही. टूरिंग, एन्ड्युरन्स, ओपन व्हील, ट्यूनर, स्ट्रीट असे शर्यतींचे पाचही प्रकार आहेत, नंतर वेगळ्या विकलेल्या गाड्या आणि ट्रॅकही त्याच किमतीत आहेत. आत काहीही विकत घ्यायला सांगत नाही. मोबाईलच्या दुनियेत ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मला तो आवडतो तो ब्रेकमुळे.

कन्सोलच्या कंट्रोलरवर ट्रिगर, म्हणजे तर्जनीखालची कळ, अर्धा दाबला की अर्धा ब्रेक लागतो. वळणात शिरताना जोरात दाबायचा आणि मग हळूहळू सोडत गाडी आत घ्यायची, सगळी मजा त्यात. फोनच्या काचेला अर्धं माहीत नाही. बोट टेकलं की पूर्ण, उचललं की शून्य. बहुतेक पोर्ट इथेच मार खातात: ट्रिगरच्या जागी पडद्यावर एक बटण रंगवतात आणि काम झालं म्हणतात. फेरलने बाणांची बटणं, पडद्यावरचं चाक आणि फोन तिरका करून चालवणं असे पर्याय दिले आहेत, आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी सोय), ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी सोय), रस्त्यावरची मार्गदर्शक रेघ हे आधार एकेक करून कमी-जास्त करता येतात. चुकलं तर फ्लॅशबॅकने काही क्षण मागे जाता येतं. एबीएस चालू ठेवून बाणांनी खेळलात तर काचेवरही गाडी ताब्यात राहते.

फोन तिरका करून चालवणं मला घरी खुर्चीत बसून सर्वांत जास्त आवडतं. पण सकाळी पेडण्याहून म्हापशाला येताना कदंबाच्या बसमध्ये ते चालत नाही. बस वळली की फोनही वळतो आणि गाडी गवतात. बसमध्ये बाण. याउलट ट्रिगरवाला खरा कंट्रोलर फोनला जोडला की गेमची पातळीच बदलते. एन्ड्युरन्सच्या शर्यती रात्री होतात आणि टायर झिजत जातात. तिथे ब्रेक हळुवार सोडता येणं म्हणजेच टायर वाचवणं. काचेवर मी त्या शर्यती कंटाळून टाळत असे, कंट्रोलरवर त्याच सगळ्यात आवडत्या झाल्या. कंट्रोलर घेताना शक्यतो यूएसबी-सी पोर्टात थेट बसणारा घ्या. ब्लूटूथवाल्यात दाबणं आणि गाडीने ऐकणं यांत किंचित अंतर पडतं, आणि रेसिंगमध्ये ते बोटांना कळतं.

स्विचवरची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगत असतो. स्विचच्या स्वतःच्या कंट्रोलरचे ट्रिगर फक्त चालू-बंद प्रकारचे आहेत, अर्धे दाबले जातच नाहीत. म्हणजे कन्सोल असूनही अडचण फोनसारखीच. फेरलने तिथे जुन्या गेमक्यूबच्या कंट्रोलरला आधार दिला, कारण त्याचे ट्रिगर अर्धे दाबता येतात. किती लोकांकडे तो कंट्रोलर असणार? तरीही त्यांनी केलं. ज्याने हे ठरवलं त्याला गाडी चालवण्यातलं काय महत्त्वाचं ते नक्की ठाऊक होतं.

आता चित्राबद्दल. गेममध्ये चित्र सुंदर हवं की फ्रेम, म्हणजे सेकंदाला बदलणारी चित्रं, जास्त हव्यात हे निवडता येतं. डोळे झाकून फ्रेम निवडा. ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर पुढे जाते. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर दोन फ्रेमच्या मध्ये ती जवळजवळ १.८५ मीटर सरकलेली असते, ६० असतील तर त्याच्या निम्मी. ब्रेकचा बिंदू साधायचा तर हा फरक झाडांच्या पानांपेक्षा कितीतरी मोलाचा. आणि पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारा आहे म्हणून गेम १२० फ्रेमने धावेल असं नाही. गेम जेवढ्या फ्रेम काढेल तेवढ्याच दिसणार. फोन विकताना दर गिऱ्हाईकाला हे समजावतो. आतून बघायचा कॅमेरा, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवरून दिसणारं दृश्य, मात्र मूळ गेममध्येच धूसर आहे. तो दोष पोर्टचा नाही.

गरम होण्याबद्दल गोव्यात वेगळं लिहायलाच हवं. ‘पात्रांव, मोबायल तापता’ (मालक, मोबाईल तापतो) हे वाक्य मे महिन्यात दुकानात सर्वांत जास्त ऐकू येतं. कन्सोलला पंखा असतो, फोनला नाही. चिप ठरावीक मर्यादेपर्यंत तापली की फोन स्वतःला वाचवायला तिचा वेग उतरवतो. त्यामुळे पहिली शर्यत लोण्यासारखी आणि तिसऱ्या-चौथ्या शर्यतीत अडखळत, असं होतं. लोक गेमला शिव्या घालतात, गेमचा त्यात दोष नसतो. रबरी कव्हर काढून खेळा, चार्जिंगला लावून खेळू नका, पडद्याचा उजेड उतरवा. पोर्ट चांगला की वाईट हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवूच नये. अर्धा तास खेळल्यावर काय उरतं ते बघावं. त्या कसोटीवर ग्रिड ऑटोस्पोर्ट माझ्याकडच्या तीन-चार वर्षं जुन्या पण मूळच्या महागड्या फोनांवरही टिकतो. नव्या स्वस्त फोनांपेक्षा असे फोन रेसिंगला जास्त बरे, हे मी माझे जुने फोन खपावेत म्हणून सांगत नाही, ग्राफिक्सची चिप बघून सांगतो.

उलट्या दिशेने गेलेल्या गेमांची परीक्षा निराळी. फोनवरून कन्सोलवर जाताना यंत्राची ताकद वाढते, म्हणून चित्राची काळजी फारशी नसते. काळजी असते ती पेट्रोलची.

‘अस्फाल्ट ९’ हा गेमलॉफ्टचा गेम २०१८ मध्ये फोनवर आला, २०१९ मध्ये स्विचवर, मग एक्सबॉक्सवर आणि स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात. २०२४ मध्ये ‘अस्फाल्ट लेजेंड्स युनाइट’ असं नाव घेऊन प्लेस्टेशनवरही पोचला, आणि आता फोनवाला, कन्सोलवाला एकाच शर्यतीत उतरू शकतात. तंत्र म्हणून हे काम उत्तम आहे. ‘टचड्राइव्ह’ नावाची सोय तर काच लक्षात घेऊनच घडवली आहे: गाडी आपोआप चालते, आपण रस्ता निवडायचा, ड्रिफ्ट (वळणात घसरत जाणं) आणि नायट्रो (वेगाचा झटका) सांभाळायचे. एका अंगठ्यावर खेळता येतं. पण या गेममध्ये गाडीचं पेट्रोल म्हणजे घड्याळ. शर्यती केल्या की संपतं आणि भरेपर्यंत ती गाडी उभी ठेवायची. नवी गाडी हवी तर तिची ब्लूप्रिंटची कार्डं जमवत बसायचं. फोनवर बस येईपर्यंत दोन शर्यती मारणाऱ्याला हे चालून जातं. टीव्हीसमोर संध्याकाळ मोकळी ठेवून बसलेल्या माणसाला नाही. ज्या सवयीसाठी गेम घडवला ती सवय यंत्राबरोबर बदलते, आणि ते हिशेबात धरलं नाही तर बाकी सगळं सुबक असूनही माझं मन लागत नाही.

‘होरायझन चेस’मध्येही पेट्रोल संपतं. पण तिथे डबे रस्त्यावर पडलेले असतात! शर्यत चालू असताना लेन बदलून उचलायचे. वाट बघण्याचं रूपांतर कौशल्यात केलेलं आहे. ब्राझीलच्या अक्विरिसने तो २०१५ मध्ये फोनवर काढला, आणि २०१८ मध्ये ‘होरायझन चेस टर्बो’ म्हणून कॉम्प्युटर-कन्सोलवर नेला. संगीत बॅरी लीचचं. १९९२ च्या ‘टॉप गिअर’ या सुपर निन्टेन्डोवरच्या गेमचं संगीत देणारा तोच. रंग सपाट, आकार साधे, त्यामुळे लहान पडद्यावर जितका स्वच्छ तितकाच मोठ्यावर. पण नेताना त्यांनी एक नवी गोष्ट घातली, पडदा विभागून चौघांनी एकत्र खेळायची. फोनवर ती शक्यच नव्हती, टीव्हीवर तिच्यावाचून अर्थ नव्हता. चवथीला आमच्या पेडण्याच्या घरी सगळी भावंडं जमतात. आरत्या आटोपल्या की पोरं स्विच टीव्हीला लावतात. माझा भाचा सहा वर्षांचा, त्याच्या हातात कंट्रोलर दिला की पहिल्याच शर्यतीत त्याला सगळं कळतं. ‘मामा, तू माझं पेट्रोल खाल्लंस’ म्हणून भांडतो. फोनवरून टीव्हीवर आलेला यापेक्षा चांगला पोर्ट मला माहीत नाही.

इडन गेम्सचा ‘गिअर क्लब’ मधल्या वाटेचा. फोनवर २०१६ मध्ये फुकट आला. २०१७ मध्ये स्विचसाठी ‘गिअर क्लब अनलिमिटेड’ काढताना त्याला एका किमतीचा, पूर्ण गेम करून टाकला. हे धोरण बरोबर. गाड्या सुंदर, मात्र मोठ्या पडद्यावर रस्त्याच्या कडा रिकाम्या वाटतात. ‘रेकफेस्ट’ २०२२ मध्ये फोनवर आला. धडकेत गाड्यांचे पत्रे खरोखर चुरगळतात, ते गणित प्रोसेसरला जड, तेव्हा तगडा फोन असेल तरच.

फेरलने डिसेंबर २०२४ मध्ये ‘ग्रिड लेजेंड्स’ची डीलक्स आवृत्तीही फोनवर आणली. मूळ गेम २०२२ चा. त्यात खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेली एक कथाही आहे. दिसायला ऑटोस्पोर्टपेक्षा कितीतरी पुढे. चालवायला मात्र मला अजून ऑटोस्पोर्टच जास्त प्रामाणिक वाटतो, गाडीचं वजन त्यात हाताला लागतं. फोन अगदी नवा आणि दमदार असेल तर लेजेंड्स घ्या, नाहीतर ऑटोस्पोर्ट.

पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी तपासा. आयफोनवर घेतलेला गेम अँड्रॉइडवर मिळत नाही, पुन्हा घ्यावा लागतो. फोन बदलायचा विचार असेल तर आधी बदला, मग घ्या. जुना गेम असेल तर शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणताना ३२-बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेली ॲप बंद केली, तेव्हा पैसे देऊन घेतलेले कितीतरी चांगले गेम नव्या फोनवर उघडेनासे झाले. प्रगती कुठे साठवली जाते तेही पाहा. एका गिऱ्हाईकाच्या मुलाची गेममधली अख्खी करिअर फोनच्या मदरबोर्डाबरोबर गेली, कारण त्या गेममध्ये क्लाउडवर जतन करायची सोयच नव्हती. पोर मुकाट रडत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. फेरल आपल्या गेमसाठी कोणते फोन चालतील याची यादी देते, ती वाचा. यादीत फोन असूनही तुमच्या हातात नीट धावला नाही, तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. तेवढ्या वेळात अर्धा तास सलग, कव्हर काढून, फ्रेमची निवड करून खेळून बघा.